वरच्या माळाची, छपराच्या चाकाची आणि भोंग्याची व्यवस्था

मी, श्रीमती हौसाबाई गोरख शेलार, वय वर्षे एकाहत्तर, रेल्वेची निवृत्त फाटकवाली, राहणार वरचा माळ, मौजे करंजवाडी, आंदर मावळ, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तळेगावच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. या फेब्रुवारीत माझा खुबा मोडला होता, डोके नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, आणि गोड बोलून माझ्याकडून काही करून घ्यायचा प्रयत्न तर गेल्या चोवीस वर्षांत कोणी केलेलाच नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा पुतण्या निलेश याने एखादे काढून दाखवले तर ते खोटे समजावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील अतुल भिकाजी ओव्हाळ, राहणार वडगाव, यांनी करावी. मसुद्याची भाषा त्यांनी नीट करून दिली आहे. काही वाक्ये कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक आहेत असे त्यांनी मला तीन वेळा सांगितले. ती वाक्ये ठेवली आहेत.

कलम १. नातेवाईक

माझे पती गोरख शेलार हे कामशेत आणि मळवलीच्या मधल्या एका रेल्वे फाटकावर कामाला होते. ते १९८९ साली काविळीने वारले. मूलबाळ नाही. त्यांच्या जागी रेल्वेने मला घेतले आणि पुढची चोवीस वर्षे ते फाटक मी चालवले. स्टेशनवरून फोन आला की चाक फिरवून फाटक पाडायचे, गाडी गेली की उचलायचे, आणि प्रत्येक वेळ मिनिटासकट रजिस्टरात लिहायची. गाडीवाल्यांनी फाटकापलीकडून मला ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या माझ्या लक्षात आहेत व प्रसंगी वापरल्याही आहेत. २०१४ साली तिथे भुयारी रस्ता झाला, त्याच वर्षी मी निवृत्त झाले. फाटकाचे लोखंडी चाक भंगारात गेले. ते मी कामशेतच्या भंगारवाल्याकडून विकत घेतले. नंतर चोरीचा आळ नको म्हणून पावती जोडली आहे.

रक्ताचे नातेवाईक म्हणजे मोठा भाऊ अंबाजी धोंडू मालपोटे, त्याची बायको शालूबाई आणि त्यांचा मुलगा निलेश. तिघेही ओढ्यापलीकडच्या खालच्या वाडीत राहतात. तिघेही हयात आहेत. बोलणे नाही.

कलम २. माळ माझ्याकडे कसा आला

आमचे वडील २००१ साली गेले. तेराव्याची जेवणे उरकली, पाहुणे पांगले, आणि अंबाजी आतून स्टॅम्पपेपर घेऊन आला. त्याच्यामागून शालूवहिनी साडी घेऊन आली. हिरवी, सुती, डाळिंबी काठाची. आमच्याकडे ही रीतच आहे. बहिणीने हक्कसोड पत्रावर सही करायची, जमिनीवरचा हक्क सोडायचा, साडी मांडीवर घ्यायची आणि माहेर शाबूत राहिले म्हणून समाधान मानायचे. माझ्या दोन्ही आत्यांनी असेच केले. साडी माझ्या मांडीवर ठेवली गेली. मी स्टॅम्पपेपर वाचायला घेतला.

अंबाजी म्हणाला, "वाचतीस काय? भावावर इस्वास न्हाई व्हय तुजा?"

मी म्हणाले, "सही करायच्या आदी वाचायची सवय लागलीया नोकरीत."

वाचून झाल्यावर मी सही करणार नाही असे सांगितले. शालूवहिनीने माझ्या मांडीवरची साडी उचलली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, वन्सं. ज्येला म्हायार नको त्येला साडी कशाला?" त्या दिवाळीत ती साडी तिने स्वतः नेसली आणि कामशेतच्या बाजारात मला दिसेल अशी दोनदा समोरून गेली. मी बटाटे निवडत होते. मी मान वर केली नाही, पण साडी पाहिली.

मग सहा वर्षे वाटपाचा दावा चालला. शेवटी तडजोड झाली. ओढ्याकाठची भाताची खाचरे अंबाजीकडे राहिली आणि मला डोंगरावरचा माळ मिळाला. बत्तीस गुंठे, सातबाऱ्यावर 'पोटखराबा', म्हणजे पिकाला नालायक असा शेरा. तिथे कातळ आहे, कातळावर शेवाळ आहे आणि पावसाळ्यात चार दिवस पिवळी फुले येतात. कोर्टाच्या पायरीवर अंबाजी हसून म्हणाला, "जा आता. खडक खा." त्याच्या शेजारी उभे असलेले लोकही हसले. त्यांची नावे मला माहीत आहेत, परंतु त्यातले बहुतेक वारले असल्याने लिहीत नाही.

कलम ३. दुर्बीण

२०१५ साली पुण्याच्या अवलोकन विज्ञान न्यासाची माणसे मावळात जागा शोधत फिरत होती. हायवेच्या बाजूला, सोमाटण्यापासून लोणावळ्यापर्यंत, त्यांना एकही जागा पसंत पडली नाही, कारण तिथे रात्र होतच नाही. त्यांना अशी जागा हवी होती जिथे पीक नाही, झाड नाही, घर नाही आणि दिवा नाही. माझा माळ पाहून त्यांचे प्रमुख डॉ. समर्थ यांनी माझे दोन्ही हात धरले. अंबाजीच्या खाचरांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. त्या दिवशी मला जेवढे बरे वाटले तेवढे त्याआधी व त्यानंतर कधी वाटलेले नाही.

करार तीस वर्षांचा झाला. माझ्यानंतर जो मालक होईल त्याला तो मोडता येतो, म्हणूनच हे मृत्युपत्र लिहावे लागत आहे. माळावर विटांची चौकोनी खोली बांधली, आत दुर्बीण बसवली आणि वर रुळांवर सरकणारे पत्र्याचे छप्पर घातले. कुठल्याही गावच्या शाळेने कॉम्प्युटरवरून मागणी टाकायची. मग यंत्राने आपोआप छप्पर उघडायचे, दुर्बीण त्या ताऱ्याकडे वळवायची, फोटो काढायचा आणि सकाळी शाळेला पाठवायचा. शेजारी मी माझ्यासाठी एक खोली बांधली. देखरेख करीन असे मी म्हणाले तेव्हा डॉ. समर्थ म्हणाले, "आजी, इथे माणसाची गरजच नाही. तेच तर या यंत्राचं वैशिष्ट्य आहे." तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते आणि मला आजी म्हणणारे घरात कोणी नव्हते, त्यांनीही म्हणायचे कारण नव्हते.

कलम ४. कबुली

पुढील मजकूर खरा आहे व तो मी प्रथमच सांगत आहे.

छपराची मोटार दुसऱ्याच पावसाळ्यात जळाली. न्यासाने नवी बसवली. तीही पुढच्या पावसाळ्यात, विजेच्या कडकडाटात, माझ्या डोळ्यांदेखत जळाली. आदल्या वर्षीच डॉ. समर्थ फोनवर कोणाला तरी सांगत होते की छपराने पुन्हा दगा दिला तर दुर्बीण इथून उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ. ते मी ऐकले होते. दुर्बीण गेली की माळ पुन्हा पोटखराबा, आणि अंबाजी पुन्हा हसणार.

म्हणून दुसरी मोटार जळाल्याचे मी कळवले नाही. यंत्राची पद्धत मी पाहून ठेवली होती. छप्पर उघडायची वेळ झाली की भोंगा वाजतो. छप्पर शेवटापर्यंत सरकले की तिथले बटण दाबले जाते, भोंगा थांबतो आणि पुण्याच्या पडद्यावर हिरवी खूण येते. दहा मिनिटांत बटण दाबले गेले नाही तर यंत्र नाद सोडते आणि बिघाड झाला म्हणून निरोप पाठवते. छप्पर मोटारीने ओढले की माणसाने, हे कळायची त्यात काही सोय नाही. मी फाटकाचे चाक छपराच्या टोकाला बसवले, त्याला तारेचा दोर बांधला आणि भोंगा झाला की हँडल फिरवून छप्पर ओढू लागले. ढग आले की यंत्र कोणत्याही वेळी भोंगा देते, तेव्हा बंदही मीच करते. फाटक आणि हे, यात फरक एवढाच की इथे कोणी शिव्या देत नाही.

पावसाळ्याचे महिने सोडून आठ वर्षे मी हे काम केले आहे. प्रत्येक उघडणे व बंद करणे मिनिटासकट रजिस्टरात आहे. अशी आठ रजिस्टरे माझ्या ट्रंकेत आहेत. ती वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ठेवावीत.

कलम ५. डॉ. समर्थ

तीन वर्षांपूर्वी या दुर्बिणीला कसलेसे मोठे बक्षीस मिळाले. डॉ. समर्थ पाहुण्यांना घेऊन माळावर आले व भिंतीवर संगमरवरी पाटी लावली. तिच्यावर देणगीदारांची अकरा नावे आहेत. जमीन कोणाची ते नाही. खाली लिहिले आहे की ही दुर्बीण मनुष्याचा हात न लागता चालते. पाहुण्यांना चहा मी केला. कप देताना माझ्या तळहाताचे घट्टे कोणीही पाहू शकले असते, मी हात उताणाच धरला होता.

डॉ. समर्थ यांना मी दोन्ही जळक्या मोटारी ठेवून जात आहे. त्या त्यांनी पाटीच्या बरोबर खाली मांडाव्यात. पाटी काढू नये.

कलम ६. निलेश

निलेश हा प्लॉटिंगचा धंदा करतो. चार वर्षांपूर्वी त्याने सोमाटण्याच्या एका दलालाला माळावर आणले. तिथे तंबू, लग्नाचे लॉन आणि पोहण्याचा तलाव करायचा, आणि नाव 'ताऱ्यांचं गाव' ठेवायचे, असा त्याचा बेत आहे. मी नाही म्हणाले. तेव्हा त्याने ओढ्यालगतच्या आपल्या बांधावर खांब रोवून दोन हॅलोजन लावले, तोंडे माझ्या माळाकडे करून. पंधरा दिवस दुर्बिणीचे सगळे फोटो दुधासारखे पांढरे आले. कार्ल्याच्या शाळेने गुरूचे चंद्र मागितले होते, त्यांना पांढरा कागद गेला. मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. सरपंच दत्तोबा म्हणाले, "मावशी, उजेड नको म्हनून अर्ज देनारी तुमी पयलीच."

सोळाव्या दिवशी दोन्ही हॅलोजन फुटले. निलेशने वाडीतल्या गुराख्यांना दम दिला. त्यांचा काही संबंध नाही. मी गोफण वापरली. लहानपणी भाताची पाखरे मीच राखायचे आणि माझा नेम अंबाजीपेक्षा चांगला होता, हे त्याला विचारले तर तोही नाही म्हणणार नाही. पहिल्या दिव्याला तीन दगड लागले, दुसऱ्याला एक.

फुटलेल्या काचा मी गोळा करून डब्यात ठेवल्या आहेत. तो डबा निलेशला द्यावा. याहून अधिक त्याला काही नाही.

कलम ७. एकवीस दिवस

फेब्रुवारीच्या सात तारखेला सकाळी छप्पर बंद करून परतताना मी कातळावरून घसरले. गावातला पिकअपवाला केरबा जाधव याने मला त्याच्या गाडीत घालून तळेगावला नेले. तिथे एकवीस दिवस काढले. दुखण्यापेक्षा मला घोर होता तो त्या दहा मिनिटांचा. भोंगा वाजेल, कोणी येणार नाही, पुण्याला निरोप जाईल, दुर्बीण जाईल. मी रोज केरबाला फोन करून विचारत होते की पुण्याची गाडी वर आली का. तो नाही म्हणायचा. तो मला बरे वाटावे म्हणून खोटे बोलतो असे मी समजले.

अठ्ठावीस तारखेला घरी आले. दुर्बीण जागेवर होती. रजिस्टर खिळ्याला टांगलेले होते. माझी शेवटची नोंद सहा वाजून बारा मिनिटांची, आणि तिच्याखाली पेन्सिलने मारलेल्या उभ्या रेघा होत्या. आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी दोन रेघा, एक उघडण्याची व एक बंद करण्याची. ढगाळ दिवशी नुसते शून्य. एकवीस दिवसांत एकही दिवस सुटला नव्हता. ज्याला लिहिता येत नाही त्याने ते लिहिले होते.

मग मी चाकाकडे गेले. हँडलला चिंधी गुंडाळली होती, हात सोलू नयेत म्हणून. चिंधी हिरवी होती, डाळिंबी काठाची.

त्याच वेळी माझ्या खोलीत गोधडीची घडी बदललेली दिसली. मी चौकोनी घडी घालते, ही लांबट होती. दाराच्या चौकटीवरची किल्ली केरबालाच माहीत होती असे मी धरून चालले, व माझ्या माघारी तो खोलीत लोळत होता म्हणून त्याला बोलले. त्याने ऐकून घेतले.

कलम ८. शालूबाईशी झालेले बोलणे

मार्चमध्ये, चालता येऊ लागल्यावर, ती मला रेशन दुकानात भेटली. चोवीस वर्षांत झालेले हे एकच बोलणे असल्याने ते जसेच्या तसे देते.

मी म्हणाले, "वैनी, तू वर गेलीवतीस?"

ती म्हणाली, "व्हय. तुमचा भोंगा लय कोकलत व्हता. डोळ्याला डोळा लागंना. म्हनून गेले. उपकार न्हाई क्येला."

"चाक फिरवायला कुनी शिकवलं?"

"आट वर्सं शेरडं राखताना खालनं बगतीया मी. दिसत न्हाई व्हय?"

"आन् वहीत रेघा?"

"न्हाई मारल्या तर तुमी मलाच चोर म्हनला असता."

"हात सोलले असतील तुजं."

"माजे हात हायेत. तुमाला काय करायचंय?"

मग तिने साखरेची पिशवी उचलली आणि गेली. उपकार केला नाही असे ती स्वतःच म्हणते, म्हणून मीही उपकार मानत नाही.

कलम ९. माळाची व्यवस्था

माझ्या मालकीचा वरचा माळ, बत्तीस गुंठे, त्यावरील माझी खोली, छपराचे चाक, तारेचा दोर व गोफण यांसह, मी माझी भावजय शालूबाई अंबाजी मालपोटे हिला देत आहे. तिच्या एकटीच्या नावावर. अंबाजीच्या नव्हे, निलेशच्या नव्हे, दोघांच्या मिळूनही नव्हे.

प्रेमाने देत आहे असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. कारणे अशी आहेत. एक, ते चाक फिरवायला माझ्याखेरीज फक्त तिला येते. दुसरे, अंबाजीला यामुळे जेवढा त्रास होईल तेवढा दुसऱ्या कशाने होणार नाही. तिसरे कारण खुब्याचे हाड जुळेपर्यंत पडून होते तेव्हा मला सुचले. तेराव्याच्या दिवशी ज्या जमिनीसाठी तिने माझ्या मांडीवर साडी ठेवली, त्या जमिनीत तिचे नाव नव्हते आणि आजही नाही. पन्नास वर्षे त्या खाचरांत कमरेत वाकून लावणी केली आणि सातबाऱ्यावर कुठे तिचा पत्ता नाही. नवऱ्यासाठी भांडली आणि शिव्या माझ्या खाल्ल्या. ती मूर्ख आहे. मूर्ख बाईच्याही नावावर काहीतरी असावे.

अटी पुढीलप्रमाणे. करार मोडू नये. माळावर पांढरा दिवा लावू नये. मी गेल्यावर निलेश तिच्याकडे हक्कसोड पत्राचा स्टॅम्पपेपर घेऊन येईल, बहुधा साडीही आणेल. तिने अंगठा उठवू नये. साडी ठेवून घ्यायला हरकत नाही. तिच्या पश्चात माळ न्यासाकडे जावा, मात्र कलम १० पाळले तरच.

कलम १०. शाळांची पाळी

या दुर्बिणीतून दिल्लीच्या, बंगळूरच्या आणि परदेशातल्या शाळांनी फोटो घेतले. माळाखालच्या करंजवाडीच्या शाळेने दहा वर्षांत एकदाही घेतला नाही, कारण अर्ज कॉम्प्युटरवर इंग्रजीत भरायचा असतो आणि वाडीत फोन बोलण्यापुरताच लागतो, इंटरनेट मिळायला झाडावर चढावे लागते. ज्या पोरांच्या डोक्यावर छप्पर उघडते त्यांनाच त्यातले काही दिसत नाही. हे मी डॉ. समर्थ यांना दोनदा बोलले. 'पुढच्या टप्प्यात' असे ते म्हणाले. मी फाटकावर होते, पुढची गाडी म्हणजे काय ते मला कळते.

म्हणून दर मंगळवारची पाळी आंदर मावळातल्या जिल्हा परिषद शाळांची. अर्ज कागदावर, मराठीत, मुलांच्या हाताने लिहिलेला. तो शालूबाईकडे द्यावा, न्यासाचा माणूस तिच्याकडून नेईल. फोटो छापून शाळेच्या भिंतीवर लावायचा. हे बंद पडले तर वकील ओव्हाळ यांनी चाकाचा दोर सोडून घरी न्यावा, म्हणजे न्यासाला मनुष्याच्या हाताची आठवण होईल.

कलम ११. बाकीच्या वस्तू

बँकेतील ठेव वाडीच्या शाळेला द्यावी. शेळ्या केरबाने सांभाळायला घ्याव्यात असे मी म्हणणार होते, परंतु तो साक्षीदार असल्याने त्याला काही देता येत नाही, तेव्हा त्या विकाव्यात. रेल्वेची लाल-हिरवी हातबत्ती मी निवृत्त होताना जमा केली नव्हती. दुर्बिणीजवळ फक्त लाल उजेड चालतो म्हणून ती दहा वर्षे उपयोगी पडली. ती आता रेल्वेत जमा करून पोच घ्यावी.

वाटपाच्या दाव्याची फाईल अंबाजीला द्यावी. त्याने ती वाचावी. वाचायला त्याला कोणी अडवलेले नाही.

कलम १२. अंत्यविधी

मला आंद्रा नदीच्या काठी जाळावे. अग्नी केरबाने द्यावा. अंबाजीने येऊ नये, आला तर त्याला हाकलू नये. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर जमलेल्या मंडळींनी, "अंबाजीला बगून घेऊ, काळजी करू नगा," वगैरे काही कबूल करू नये. माझी तशी काही इच्छा राहिलेली नाही. निलेशने पुढे येऊन सर्वांना ऐकू जाईल असे म्हणावे की मी माळावर दिवा लावणार नाही. कावळा येईल.

येणेप्रमाणे मजकूर मी वाचून पाहिला, मला मान्य आहे.

सही करण्यापूर्वी माझ्या हाताने वाढवलेले कलम १३

वरील मसुदा वाचून वकील ओव्हाळ यांनी एक शंका काढली. भोंगा खालच्या वाडीत झोप मोडण्याइतका ऐकू येत असेल, तर निलेश आवाजाच्या त्रासाची तक्रार करून करार मोडायला लावील. तेव्हा ते आधी तपासून पाहावे. म्हणून काल आम्ही पाहिले. ते वर माळावर राहिले व मी काठी टेकत खाली गेले. अंबाजीच्या अंगणात पाय ठेवणार नाही असे मी चोवीस वर्षांपूर्वी म्हटले असल्याने गोठ्यामागच्या रस्त्यावर उभी राहिले. ओव्हाळ यांनी वरून फोनवर सांगितले, "वाजवतोय, मावशी. कान फुटायची वेळ आली." मी ऐकत उभी राहिले. ओढ्याचे पाणी ऐकू येत होते. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, तेही ऐकू येत होते. भोंगा नाही. त्यांना तीन वेळा वाजवायला लावला. नाही.

वारा माझ्या बाजूने होता. तरी नाही.

मग वर निघाले. माझा पाय आता अधू आहे म्हणून सोबतीला केरबाला घेतले होते, त्याला पुढे पाठवून घड्याळ बघायला सांगितले. धडधाकट माणसाला खालच्या वाडीतून छपरापर्यंत चढायला पंचवीस मिनिटे लागतात. यंत्र दहा मिनिटे वाट पाहते. चोवीस वर्षे मी फाटकावर मिनिटे मोजली, आणि मार्चपासून आजपर्यंत एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, कारण शालूबाई मालपोटे हिचा विचार करताना माझे डोके चालत नाही.

म्हणजे भोंग्याने तिची झोप मोडली हे खोटे आहे. भोंगा ऐकायला ती वर असायला हवी होती. ती एकवीस रात्री माझ्या खोलीत होती. माझ्या खाटेवर, माझी गोधडी पांघरून, भोंगा कधी वाजतो याची वाट पाहत. खाली अंबाजीला काय सांगून येत होती ते तिचे तिला ठाऊक.

केरबावर मी घेतलेला आळ मागे घेते.

परवानगीशिवाय माझ्या खाटेवर झोपल्याचा जाब शालूवहिनीला विचारायचा राहिला आहे. तोवर खाट व गोधडी तिच्याच नावे लिहून ठेवते. गोधडीची घडी तिने हवी तशी लांबट घालावी.

स्थळ: वडगाव मावळ
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: हौसाबाई गोरख शेलार

आमच्यासमक्ष, शुद्धीवर असताना, प्रत्येक पानावर सही केली. कलम १३ त्यांनी आमच्यासमोर स्वतः लिहिले व लिहिताना दोन वेळा थांबल्या.

साक्षीदार १: केरबा सोपान जाधव, पिकअपचालक, राहणार करंजवाडी

साक्षीदार २: प्रतीक्षा यशवंत ओव्हाळ, शिक्षिका, राहणार वडगाव